बद्धकोष्ठता आणि प्रोबायोटिक: आधी पाकिटावरचं बारीक अक्षर वाचा

प्रश्न थोडक्यात असा: वय 42, स्त्री, बँकेत नोकरी. चार महिन्यांपासून आठवड्यातून दोनदाच, फार तर तीनदा शौचाला होतं, तेही कुंथून, खडे पडतात. औषधाच्या दुकानातून प्रोबायोटिकच्या, म्हणजे 'चांगल्या जंतूंच्या', कॅप्सूल आणल्या, पाकिटावर 'बॅसिलस क्लॉसी, 2 अब्ज' असं आहे. बारा दिवस घेतल्या, फरक शून्य, उलट गॅस वाढला. पुढे चालू ठेवू का? दही तर रोज खाते, मग वेगळं प्रोबायोटिक कशाला? इसबगोल एकदा घेऊन पाहिला, पोट जास्तच फुगलं. हिमोग्लोबिन 9.4 आल्यामुळे पाच महिन्यांपासून लोहाची आणि कॅल्शियमची गोळी चालू आहे. उरलेल्या कॅप्सूल सासऱ्यांना दिल्या तर चालतील का? त्यांचंही पोट साफ होत नाही; त्यांच्यावर रक्ताच्या कर्करोगाचे उपचार सुरू आहेत.

उत्तर:

तुमच्या प्रश्नातलं सगळ्यात कामाचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहून गेलात. गोळ्या पाच महिन्यांपासून, त्रास चार महिन्यांपासून. लोहाच्या गोळीने शौच काळी आणि घट्ट होते, हे गरोदरपणात गोळ्या घेतलेल्या कुठल्याही बाईला विचारा. त्यात कॅल्शियमची भर, म्हणजे आतड्याला दोन्ही बाजूंनी लगाम. माझ्याकडे 'पोट साफ होत नाही' म्हणून येणाऱ्यांना मी पहिल्यांदा त्यांची औषधांची पिशवी टेबलावर ओतायला सांगतो. रक्तदाबाच्या काही गोळ्या, झोपेसाठी किंवा नसांच्या दुखण्यासाठी दिलेली अमिट्रिप्टिलिन, कोडीन असलेलं खोकल्याचं औषध, ॲल्युमिनियमवालं ॲसिडिटीचं पातळ औषध, सर्दीच्या गोळ्या, यांतलं काही ना काही निम्म्या वेळा तरी निघतंच. जोवर कारण रोज पोटात जातंय, तोवर वरून कितीही चांगले जंतू सोडले तरी ते गळक्या टाकीत पाणी भरण्यासारखं आहे.

पण म्हणून लोह आपल्या मनाने बंद करू नका. 9.4 हे काही चालवून घेण्यासारखं हिमोग्लोबिन नाही. ज्या डॉक्टरांनी गोळी दिली त्यांना दोन गोष्टी विचारा. एक, ती दिवसाआड घेतली तर चालेल का? लोहाचा एक डोस घेतला की शरीर पुढचा दिवसभर लोह आत घेण्याचं दार थोडं लोटून घेतं, त्यामुळे दिवसाआडच्या डोसातलं लोह जास्त प्रमाणात शोषलं जातं आणि पोटालाही उसंत मिळते. दोन, कॅल्शियम खरंच हवंय का, आणि हवं असेल तर ते लोहासोबत न घेता वेगळ्या वेळी घेता येईल का? एकत्र घेतल्यास कॅल्शियम लोहाच्या शोषणात अडथळा आणतं. म्हणजे आज तुम्ही कदाचित बद्धकोष्ठता पुरेपूर सोसताय आणि लोह मात्र अर्धवट मिळवताय.

आणखी एक विचारायलाच हवं: हिमोग्लोबिन कमी का झालं, हे कुणी शोधलंय का? पाळीत जास्त रक्त जात असेल तर उत्तर बहुधा तिथेच आहे. तसं नसेल, किंवा शौचातून रक्त जात असेल, वजन उतरत असेल, घरात कुणाला मोठ्या आतड्याचा कर्करोग झाला असेल, तर प्रोबायोटिकचा विषय बाजूला ठेवून आधी पोटाच्या डॉक्टरांना भेटा. थायरॉईडची टीएसएच तपासणीही करून घ्या. तुमच्या वयाच्या बायकांमध्ये थायरॉईड मंदावलं की आतडंही मंदावतं, आणि ते एका साध्या रक्ततपासणीत कळतं.

आता कॅप्सूलकडे वळू. बॅसिलस क्लॉसी आपल्याकडे मुख्यतः दिलं जातं ते जुलाबावर आणि अँटिबायोटिकने बिघडलेल्या पोटावर. लहान मुलांना पाजतात त्या प्लास्टिकच्या छोट्या नळ्यांमध्ये बहुतेक वेळा हेच असतं. दुकानदाराने वाईट हेतूने दिलं असं मी म्हणणार नाही. त्याच्या फळीवर 'प्रोबायोटिक' या एका नावाखाली जे होतं ते त्याने दिलं. पण बद्धकोष्ठतेसाठी क्लॉसीच्या बाजूने भक्कम असा काही पुरावा नाही. तेव्हा 'चालू ठेवू का' याचं उत्तर: नको. बारा दिवसांत बंद केल्याने काही बिघडत नाही.

मूळ घोटाळा आहे तो 'प्रोबायोटिक' या शब्दातच. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या तज्ज्ञांनी 2001 मध्ये याची जी व्याख्या केली, ती साधी आहे: पुरेशा प्रमाणात दिल्यास घेणाऱ्याच्या आरोग्याला फायदा करणारे जिवंत सूक्ष्मजीव. यात कुठला जीव, कोणता फायदा, हे काहीच नाही. 'गोळी घेतली' असं कुणी सांगितलं तर आपण लगेच 'कसली?' असं विचारतो. प्रोबायोटिकच्या बाबतीत मात्र तो प्रश्न कुणी विचारत नाही.

जंतूंच्या नावाचे तीन भाग असतात. बायफिडोबॅक्टेरियम हे आडनाव समजा, लॅक्टिस हे नाव, आणि त्यापुढे अक्षरं-आकडे असतात तो त्या घराचा नंबर, म्हणजे स्ट्रेन. कोल्हापुरात उतरून 'पाटलांचं घर कुठंय?' असं विचारलं तर लोक हसतील. नुसत्या 'लॅक्टोबॅसिलस, 5 अब्ज' या लेबलाची गत तीच. त्याच नावाचे दोन स्ट्रेन पोटात अगदी वेगळे वागू शकतात. ज्या पाकिटावर स्ट्रेनचा नंबरच छापलेला नाही, ते बद्धकोष्ठतेसाठी घेऊ नका, हा माझा सोपा नियम. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांनी 2011 मध्ये जी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांतही स्ट्रेनची नेमकी ओळख आणि मुदत संपेपर्यंत किती जंतू जिवंत राहतील, हे लेबलवर असावं असा आग्रह आहे. दुकानात जाऊन पाहा, किती पाकिटांवर सापडतंय ते.

मग यांचा उपयोग होतो की नाही? होतो, पण जाहिरातीतली बाई जितकी हसते तितका नाही. 2014 मध्ये लंडनच्या किंग्ज कॉलेजच्या गटाने मोठ्यांमधल्या बद्धकोष्ठतेवरचे 14 अभ्यास एकत्र करून तपासले, त्यांत मिळून 1182 माणसं होती. प्रोबायोटिक घेणाऱ्यांना आठवड्याला सरासरी 1.3 वेळा जास्त शौचाला झालं आणि अन्नाला आतड्यातून बाहेर पडायला लागणारा वेळ सुमारे 12 तासांनी घटला. बायफिडोबॅक्टेरियम लॅक्टिस या जातीचा आकडा थोडा बरा, आठवड्याला 1.5. लॅक्टोबॅसिलस कॅसेई शिरोटाचा, म्हणजे त्या 65 मिलीच्या छोट्या बाटलीतल्या जपानी स्ट्रेनचा, शौचाच्या संख्येवर ठळक परिणाम त्या तपासणीत दिसला नाही. त्याच लेखकांनी हेही बजावलं होतं की अभ्यास लहान आहेत, एकमेकांशी जुळत नाहीत, आकडे जपून वापरा.

ते बजावणं खरं ठरलं. लॅक्टिसचाच एचएन 019 हा नावाजलेला स्ट्रेन घेऊन चीनमध्ये 229 जणांवर आठ आठवड्यांचा नीट आखलेला अभ्यास झाला. तो 2024 मध्ये प्रसिद्ध झाला आणि जंतू नसलेल्या खोट्या कॅप्सूलच्या तुलनेत खऱ्या कॅप्सूलने ठळक फरक पडल्याचं त्यात दिसलं नाही. बद्धकोष्ठतेच्या अभ्यासांत खोट्या कॅप्सूलवालेही थोडे सुधारतात, हे नेहमी होतं. माणूस अभ्यासात शिरला की डायरी लिहायला लागतो, वेळेवर जेवतो, पाणी पितो, आणि नुसत्या त्याने पोट थोडं सुधारतं. म्हणूनच 'मला तर फायदा झाला' असं सांगणाऱ्या शेजाऱ्यांना मी खोटं ठरवत नाही. फायदा कशाने झाला, एवढंच विचारतो.

अमेरिकेतल्या पोटविकारतज्ज्ञांच्या दोन मोठ्या संघटनांनी 2023 मध्ये मोठ्यांच्या जुनाट बद्धकोष्ठतेवर मिळून जी मार्गदर्शिका काढली, तिच्यात इसबगोल आहे, पाणी धरून शौच मऊ करणारी पॉलिइथिलीन ग्लायकॉलची पावडर आहे, तसंच काम करणारं लॅक्ट्युलोज आहे, अगदी आपली सोनामुखीही आहे. प्रोबायोटिकची शिफारस नाही. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने 2015 मध्ये 'शौच नियमित होण्यास मदत' हा दावा मान्य केला तो जंतूंसाठी नव्हे, जंतूंच्या खाद्यासाठी: चिकोरीच्या (कॉफीत मिसळतात त्या वनस्पतीच्या) मुळातला इन्युलिन हा तंतुमय पदार्थ, रोज 12 ग्रॅम. इन्युलिन थोड्याफार प्रमाणात आपल्या कांद्या-लसणातही असतं. त्याने काहींना गॅस होतो, तोही याच कारणाने: मोठ्या आतड्यातल्या जंतूंची पंगत बसते, आणि पंगत बसली की गडबड होणारच.

प्रोबायोटिकचं काम कसं होतं, तेही थोडक्यात सांगतो, कारण त्यावरून अपेक्षा ठरवता येते. हे जंतू न पचलेल्या पिष्टमय पदार्थांपासून लॅक्टिक आणि ॲसेटिक आम्ल बनवतात, आतडं किंचित आंबट होतं, आणि त्या आम्लांमुळे आतड्याच्या भिंतीतल्या मज्जातंतूंना हालचालीची सूचना जाते. म्हणजे ज्यांचं आतडंच मंद चालतं, त्यांना थोडी मदत. काही जणांच्या आतड्यात मिथेन वायू बनवणारे सूक्ष्मजीव जास्त असतात आणि मिथेन आतड्याची गती मंदावतो. प्रोबायोटिक त्यांना कितपत हुसकावतं, यावर मी तरी पैज लावणार नाही. शिवाय बाहेरून घेतलेले जंतू बहुतेकदा पोटात मुक्कामाला राहत नाहीत, पाहुण्यासारखे येऊन जातात. बंद केल्यावर आठवड्या-दोन आठवड्यांत त्यांचा मागमूस उरत नाही. त्यामुळे 'तीन महिन्यांचा कोर्स केला की कायमचं बरं' हे कुणी सांगितलं तर ऐकून सोडून द्या.

पण ज्यांची अडचण मंद आतड्याची नसून दाराची आहे, त्यांचं काय? हा गट कुणाच्या लक्षात येत नाही, आणि मला सगळ्यात जास्त याच गटाबद्दल बोलायचं असतं. जोर करताना गुदाचे स्नायू सैल पडायला हवेत. काही जणांचे उलट आवळले जातात. शौच खाली आलेली असते, पण बाहेर येत नाही. ही माणसं सांगतात, 'डॉक्टर, होतं, पण पूर्ण झाल्यासारखं वाटत नाही', 'अर्धा तास बसतो', कधी लाजत लाजत 'बोट लावावं लागतं'. एका निवृत्त शिक्षकांनी माझ्याकडे येण्याआधी दोन वर्षांत सात प्रकारचे प्रोबायोटिक, तीन चूर्णं आणि एरंडेल पालथं घातलं होतं. बोटाने साधी तपासणी करून जोर करायला सांगितलं, तर स्नायू मुठीसारखे आवळत होते. नंतर फुग्याची तपासणी केली: गुदात 50 मिली पाण्याचा छोटा फुगा ठेवतात, साधारण मिनिटभरात तो बाहेर टाकता यायला हवा. त्यांना पाच मिनिटांतही जमला नाही. उपाय होता बायोफीडबॅकचा, म्हणजे पडद्यावर स्वतःच्या स्नायूंची हालचाल बघत त्यांना सैल सोडायला शिकण्याचा. सहा बैठका झाल्या. आज ते काही घेत नाहीत. तुम्हालाही बसल्यावर अडकल्यासारखं वाटत असेल, तर डॉक्टरांना स्पष्ट सांगा. ही तपासणी होईपर्यंत औषधांवर पैसे घालवू नका.

घरी कमोड असेल तर पायाखाली वीतभर उंचीचा पाट घ्या आणि किंचित पुढे वाका. भारतीय पद्धतीच्या संडासात गुडघे पोटाशी येतात तेव्हा गुदमार्गाचा कोन मोकळा होतो, तेच इथे साधायचं. आणि न्याहारीनंतर अर्ध्या तासात बसा. जेवण पोटात गेलं की मोठं आतडं आपोआप हलतं, सकाळी ही लाट सगळ्यांत जोरदार असते. बँकेची लोकल गाठायची म्हणून ती लाट रोज दाबली, तर काही महिन्यांत ती यायचीच कमी होते.

दह्याचं विचारलंत. दही खाच, मला त्यात काहीच वावगं दिसत नाही. मेचनिकॉफ या रशियन शास्त्रज्ञाने पॅरिसमध्ये बसून आंबट दूध पिणाऱ्या बल्गेरियन शेतकऱ्यांच्या दीर्घायुष्याचं कौतुक केलं तेव्हापासून दह्याभोवती वलय आहे. (त्यांना 1908 चं नोबेल मिळालं ते रोगप्रतिकारशक्तीवरच्या कामासाठी, दह्यासाठी नव्हे, हे बरेच जण विसरतात.) घरच्या विरजणात कोट्यवधी जिवंत जंतू असतात, पण ते कुठले, किती, आणि तुमच्या आजीच्या विरजणातले की शेजारणीच्या, हे कुणी मोजलेलं नसतं. म्हणून शास्त्राच्या भाषेत दही म्हणजे जिवंत जंतूंचा पदार्थ, पण 'प्रोबायोटिक' म्हणायला पुरावा लागतो. मी त्याकडे चांगलं अन्न म्हणून पाहतो, औषध म्हणून नाही.

याच ओघात लोक इडली, डोसा, आंबील, कढी, सगळंच 'प्रोबायोटिक' म्हणून सांगतात. आंबवलेलं पीठ वाफेवर चढलं की जंतू मेले. आंबील शिजवली की तेच, ताकाची कढी झाली की तेच. आपलं कैरीचं तेल-मिठातलं लोणचं बहुतेक वेळा आंबतच नाही, मुरतं. दोन्हीत फरक आहे. हे पदार्थ पौष्टिक नाहीत असं मी म्हणत नाही. नाचणीची आंबील बद्धकोष्ठतेत चांगलीच, पण ती तंतुमय धान्य आणि भरपूर पाणी एकत्र देते म्हणून. जिवंत जंतू हवे असतील तर साधं ताक.

इसबगोलाने पोट फुगलं, कारण बहुधा पहिल्याच दिवशी दोन मोठे चमचे आणि वर दोन घोट पाणी असं झालं असावं. इसबगोलाचा भुसा पाणी ओढून लगदा होतो. पाणी कमी पडलं तर तो आतड्यातलंच ओढतो. एक लहान चमचा मोठ्या ग्लासभर पाण्यात ढवळून लगेच प्या, त्यावर आणखी अर्धा ग्लास. चार-पाच दिवसांनी दीड चमचा, मग दोन. पहिला आठवडा गॅस होईल, तो निघून जातो. लोहाच्या गोळीपासून दोन तास लांब ठेवा. गिळायला त्रास असणाऱ्यांनी किंवा आतड्यात अडथळा असल्याचं सांगितलेल्यांनी तो घेऊ नये. इसबगोल सोसलाच नाही तर रोज दोन हिरवी किवी फळं; हा उपाय इसबगोलाशी तुलना करून तपासलेला आहे आणि तोडीस तोड ठरला आहे. किवी महाग वाटली तर वाळवलेले आलुबुखारे, साधारण 50 ग्रॅम दोन वेळा. मधुमेह असेल तर ते मोजून.

एवढं करूनही कुरबूर राहिली आणि प्रोबायोटिक घेऊन बघायचंच असेल, तर असं बघा. लोहाची व्यवस्था आधी लावा आणि तीन आठवडे थांबा. नाहीतर काय कशाने सुधारलं ते कधीच कळणार नाही. मग बायफिडोबॅक्टेरियम लॅक्टिसचा, स्ट्रेनचा नंबर छापलेला, एकच जंतू असलेला प्रकार निवडा. बारा-पंधरा जंतूंची खिचडी नको. पाकिटावरचा आकडा 'उत्पादनाच्या वेळी' आहे की 'मुदत संपताना', तेही वाचा. फ्रिजमध्ये ठेवायला सांगितलं असेल तर दुकानातही ते फ्रिजमध्येच होतं ना, विचारा. चंद्रपूर-नागपुरात मे महिन्यात पारा 45 अंशांवर जातो, आणि दुपारभर गरम खोक्यात पडून आलेल्या कॅप्सूलमध्ये जिवंत किती उरलं, देव जाणे. अँटिबायोटिक चालू असेल तर दोघांत निदान दोन तासांचं अंतर.

चार आठवडे द्या, त्याहून जास्त नाही. वहीत रोज तीन गोष्टी: झालं की नाही, कुंथावं लागलं का, आणि ब्रिस्टलच्या तक्त्यावरचा प्रकार. हा तक्ता सात प्रकारांचा असतो. पहिला म्हणजे शेळीच्या लेंड्यांसारखे सुटे खडे, चौथा म्हणजे मऊ, गुळगुळीत, सापासारखा. तुम्ही आज पहिल्या-दुसऱ्यावर आहात, जायचंय तिसऱ्या-चौथ्यावर. रोज व्हायलाच हवं असा हट्ट नको. दिवसातून तीनदा ते आठवड्यातून तीनदा, हे सगळं निरोगी माणसात बसतं. चार आठवड्यांनी वही बघून आठवड्याला एकाने जरी संख्या वाढली नसेल, तर ते पैसे किवीवर खर्च करा.

आता सासरे. त्यांना या कॅप्सूल अजिबात देऊ नका. रक्ताचा कर्करोग आणि त्यावरचे उपचार, दोन्हींमुळे जंतूंशी लढणाऱ्या निरोगी पांढऱ्या पेशी कमी होतात. अशा माणसात 'निरुपद्रवी' जंतूही आतड्याची भिंत ओलांडून रक्तात शिरू शकतात. तसे प्रसंग वैद्यकीय साहित्यात नोंदलेले आहेत. 2008 मध्ये नेदरलँड्समध्ये स्वादुपिंडाच्या तीव्र सुजेच्या रुग्णांना प्रोबायोटिक देऊन पाहिलं, तेव्हा प्रोबायोटिकच्या गटातले 16 टक्के रुग्ण दगावले, दुसऱ्या गटातले 6 टक्के. तो आजार वेगळा, पण गंभीर आजारी माणसाला हे सहज देऊ नये, एवढं त्यातून आम्ही शिकलो. घरी लावलेलं दही त्यांना चालेल का, तेही त्यांच्या कर्करोगतज्ज्ञांनाच विचारा. त्यांना होणारी बद्धकोष्ठता बहुधा औषधांमुळे आहे: कर्करोगावरचं व्हिन्क्रिस्टिन, उलटीवरची ऑनडॅन्सेट्रॉन, वेदनेवरची मॉर्फिनच्या जातीची औषधं, सगळीच आतडं थांबवतात. पांढऱ्या पेशी कमी असताना गुदातून घालायची गोळी किंवा एनिमा घरी देऊ नये. चार दिवस झालं नसेल, पोट ताठ वाटत असेल किंवा उलट्या होत असतील, तर उद्याची वाट न बघता त्यांच्या वॉर्डला फोन करा.